आग पाहिली, पाणी पाहिलं नाही

खिशातल्या चाकूचं पातं वाकलं म्हणून तो चाकू मरत नाही. तो मरतो त्यानंतर, घरातल्या सर्वज्ञ माणसाच्या हातून. पातं वाकल्याचं कानावर पडताच हे गृहस्थ बाह्या सरसावतात, गॅस पेटवतात, पक्कडीत पातं धरून लालबुंद करतात, ओट्यावर आडवं टाकून बत्त्याने दोन टोले हाणतात आणि नळाखाली धरून चर्र असा आवाज काढतात. पातं सरळ दिसतं. घरात कौतुक होतं. पुढे तोच चाकू टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागला की हेच गृहस्थ म्हणतात, 'हल्ली मालच भिकार येतो.'

माल भिकार नव्हता. तो ओट्यावर भिकार झाला.

घरच्या दुरुस्तीला माझा विरोध नाही. वाकलेलं पातं बहुतेक वेळा घरच्या घरी सरळ करता येतं आणि ते करावंच, अशा मताचा मी आहे. माझं भांडण आहे ते 'तापव आणि ठोक' या मंत्राशी. हा मंत्र आपल्याकडे इतका मुरलाय की धातुशास्त्राचे पेपर सोडवून पदवी घेतलेले इंजिनिअरही पातं हातात आलं की पहिला डोळा गॅसच्या शेगडीकडे टाकतात. आमच्याच इमारतीतले एक नाना. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेली. पातं वाकल्याचं कळताच त्यांचा सल्ला तयार.

"अहो, त्यात काय एवढं? गॅसवर धरा, लाल झालं की दोन ठोके द्या."

"आणि पाणी, नाना?"

"नळ आहे की!"

इथेच सगळी गोम आहे.

'आमच्या गावचा लोहार असंच करायचा' हे या मंडळींचं ब्रह्मास्त्र. करायचा ना, कोण नाही म्हणतो! पण तुम्ही त्यातलं पाहिलं किती? लहानपणी तुम्ही उभे होता ते भात्यासमोर. आग बघायला मजा येते, ठिणग्या बघायला मजा येते, घण पडताना बघायला तर फारच मजा येते. ठोकाठोकी संपली की पोरं पांगायची. लोहाराचं खरं काम सुरू व्हायचं ते त्यानंतर.

लोहारापुढे असायचा तो कोयता, विळा किंवा कुऱ्हाड. साध्या कार्बनी पोलादाची वस्तू, पुष्कळदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेली. ती तापवून सरळ केली की तिचं आधीचं पाणी गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. म्हणून तो ते पुन्हा द्यायचा. लोखंड ठरावीक लालीला आलं की धारेची कडा तेवढी बुडवायची, पाठ गरमच ठेवायची. मग कडा दगडावर घासून चकचकीत करायची आणि बघत बसायचं. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत कडेवर रंग चढू लागतात. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग गडद होत तपकिरी, २८० च्या सुमाराला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. हवा तो रंग धारेवर आला त्याच क्षणी वस्तू पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला की धार मऊ. घाई झाली की धार काचेसारखी ठिसूळ. लोहाराचं दुकान अंधारं असायचं ते गरिबीमुळेच नव्हे. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात नीट ओळखता येत नाही.

हे पाणी देणं म्हणजे त्या धंद्याचा जीव. आणि नाना म्हणतात, नळ आहे की!

आता नानांच्या हातातल्या वस्तूकडे या. ती कोयता नाही. ती स्टेनलेस पोलादाचं पातं असलेला घडीचा चाकू आहे. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर लाल मुठीचा स्विस चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला आणि १८९७ मध्ये 'ऑफिसर्स नाइफ'ची नोंदणी केली, तो चाकू. त्याच्या पात्याचं पोलाद १,०४० अंशांना तापवून कठीण करतात आणि नंतर १६० अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पुन्हा वाचा: १६०. आपल्या घरातल्या एलपीजीची ज्योत १,९०० अंशांच्या आसपास असते. पात्याचं टोक मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्या ज्योतीत ते १६० अंश कधी ओलांडून जातं, ते कळायला तुम्हाला वेळही मिळत नाही.

तापल्यावर आत होतं काय? पोलाद कठीण असतं ते त्याच्या स्फटिकांत कार्बनचे अणू अवघडून कोंडलेले असतात म्हणून. झटकन थंड केल्यामुळे त्यांना बाहेर पडायला फुरसत मिळालेली नसते. पुन्हा उष्णता दिली की ते हालचाल करायला मोकळे होतात आणि वेगळे गट करून बसतात. कोंडी सुटली की कठीणपणा गेला. थोडी उष्णता, थोडा गेला. लालबुंद केलं, सगळा गेला. नळाखाली धरून तो परत येत नाही, कारण स्टेनलेसला पुन्हा कठीण करायचं तर ते हजाराच्या वर न्यावं लागतं, तिथे ठरावीक वेळ ठेवावं लागतं आणि उतरवतानाही शिस्त लागते. ते काम भट्टीचं आहे, शेगडीचं नाही. पातं कार्बनी पोलादाचं असेल तर नळाखालचा खेळ आणखी धोक्याचा. लाली पुरेशी असेल तर पातं काचेसारखं तडकणारं होतं, पुरेशी नसेल तर मऊ पडतं. यातलं काय झालं ते तुम्हाला कळतं चाकू वापरताना. बोटाला.

'मी रंग बघून थांबतो' म्हणणारेही भेटतात. लोहाराचे रंग साध्या पोलादाचे. स्टेनलेसवर तेच रंग बऱ्याच चढ्या तापमानाला दिसतात. फिकट पिवळी झाक दिसली म्हणून तुम्ही थांबता, तोवर धारेचा निकाल लागलेला असतो.

आता पातं वाकतं कसं, तेही बघू. तिथेही आपली अक्कल उघडी पडते.

गणपतीच्या आधी माझा भाचा त्याचा चाकू घेऊन आला. मखराला रंग द्यायचा होता, डब्याचं झाकण निघेना, म्हणून पठ्ठ्याने पात्याचं टोक झाकणाखाली घातलं आणि उचकटलं.

"मामा, टोक जरासं वाकलंय बघ. गॅसवर धरू का?"

"पहिल्यांदा गॅसपासून लांब हो. आणि मला सांग, त्याच चाकूत स्क्रू-ड्रायव्हर आहे तो कशासाठी ठेवलाय?"

त्याने चाकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उत्तर मुठीतच होतं.

या स्विस चाकूचे आकडे मजेशीर आहेत. कठीणपणा रॉकवेल मापाने मोजतात. हिऱ्याचं टोक ठरावीक भाराने धातूत दाबायचं आणि ते किती रुतलं ते बघायचं. या चाकूचं पातं ५६. आरी, कात्री आणि नखांची कानस ५३. डबा उघडायचं हत्यार, स्क्रू-ड्रायव्हर आणि टोचा ५२. कॉर्कचा मळसूत्री स्क्रू आणि आतल्या स्प्रिंगा ४९. म्हणजे एकाच मुठीत वेगवेगळ्या स्वभावाची पोलादं मुद्दाम बसवली आहेत. पिळायचं आणि उचकटायचं काम ज्याच्याकडे, ते जरा नरम आणि चांगलं जाड. कापायचं काम ज्याच्याकडे, ते कठीण आणि पातळ. चाकू बनवणाऱ्याने सव्वाशेहून जास्त वर्षं डोकं खर्च करून वाटून दिलेली ही कामं आपण रंगाच्या डब्यापाशी एका फटक्यात उलटी करून टाकतो. मग पातं वाकतं आणि आपण म्हणतो, 'एवढा महागाचा चाकू आणि एवढा लेचापेचा!'

लेचापेचा नाही हो. वाकला म्हणून तुमचा डोळा शाबूत राहिला. ५६ च्या आसपासचं पातं जोर अती झाला की आधी वाकतं. ६० च्या वरची कडक, पातळ पाती वाकण्याऐवजी पुष्कळदा टवका उडवतात किंवा कटकन तुटतात, आणि तो तुकडा कुठे जाईल याचा नेम नसतो. रोज खिशात बाळगायच्या चाकूला थोडं नमतं पोलाद देणं हा निर्माता कंपनीचा शहाणपणा आहे. धार जरा लवकर जाते, ती लावता येते. रस्त्यावर मिळणारे नकली 'स्विस' चाकू बघितले तर तिथे बहुतेक वेळा पोलाद कोणतं हेच कळायला मार्ग नसतो. स्वस्त पात्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका स्टेनलेसच्या जातीचा क्रमांक ४२० आहे. खरोखरच आहे, विनोद माझा नाही. पण तेही नीट कठीण केलं तर कामाचं पातं देतं. मुद्दा पोलादाच्या जातीपेक्षा त्याला मिळालेल्या उष्णतेच्या शिस्तीचा आहे, आणि शेगडीवर तुम्ही नेमकी तीच मोडता.

दुसरा पंथ आहे तो 'टाका आणि नवा घ्या' म्हणणाऱ्यांचा. हे लोक स्वतःला व्यवहारी समजतात. टोक दोन मिलिमीटर वाकलं म्हणून अख्खा चाकू, त्यातली कात्री, आरी, स्प्रिंगा, पितळी रिव्हेट्स, सगळं कचऱ्यात. दुकानदारही खूश. मी एका दुकानात भाच्याचा चाकू घेऊन गेलो तर काउंटरवरच्या पोराने तो हातातही न घेता 'वॉरंटीत बसत नाही' म्हणून सांगितलं. नाहीच बसत, बरोबर आहे त्याचं. आजन्म वॉरंटी असते ती माल आणि बनावटीतल्या दोषाला, रंगाच्या डब्याला नव्हे. पण पुढचं वाक्य होतं, 'नवीन दाखवू का?' चाकू विकणाऱ्या माणसाला वाकलेल्या पात्याचं काय करायचं असतं ते ठाऊक नसावं, आणि ठाऊक नसल्याची लाजही नसावी! पूर्वी निदान शिकलगार होता. तो पातं डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटायचा. या पोराने दोन्ही मिटले होते.

तापवून ठोकणारे आणि फेकून देणारे एकमेकांचे शत्रू वाटतात. दोघांचा आजार मात्र एकच. कुणालाच पात्याकडे बघायचं नाही. बघायला वेळ लागतो, आणि बघून झाल्यावर निमूटपणे थोडंसंच काम करावं लागतं. आपल्याला पराक्रम हवा असतो, नाहीतर पावती.

तेव्हा आधी बघा. वाकणं एकाच प्रकारचं नसतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. चाकू उघडा, ट्यूबलाइटखाली धरा आणि पात्याच्या सपाट बाजूवर नळीचं प्रतिबिंब पाडा. मूठ सावकाश हलवा म्हणजे ती उजेडाची रेघ मुठीपासून टोकापर्यंत सरकेल. पातं सरळ असेल तिथे रेघ सरळ धावते. बाक असेल तिथे ती वळते, आणि पातं मुडपलं असेल तिथे खटकन तुटते. भाच्याच्या चाकूवर रेघ टोकाच्या जरा अलीकडे वळत होती, तुटत नव्हती. म्हणजे बाक होता, मुडप नव्हती. एवढ्या एका बघण्याने अर्धा निर्णय झाला.

मग पाठीकडून बघा. अख्खं पातं एका बाजूला झुकलेलं दिसतं, पण रेघ मात्र सरळ आहे? मग पातं वाकलेलंच नाही, मुठीजवळचा रिव्हेट सैल झालाय किंवा पातं तिथे तिरकं बसतंय. अशा पात्याला सरळ करायला जाल तर चांगलं पातं वाकडं कराल. आणि नुसती धारच एका अंगाला लवंडली असेल, नखावरून अलगद फिरवताना एका बाजूने अडकत असेल, तर ते वाकणं नव्हेच. ती मुडपलेली धार. तिला दगडावरचे दोन-चार हलके हात पुरतात. व्हाइस, पक्कड, काहीही लागत नाही. टोक, बाक, धार, रिव्हेट. हे चार वेगळे ओळखता येत नसतील तर हत्याराला हात लावू नका.

आता दुरुस्ती. ती सांगण्यासारखी सोपी आहे आणि करण्यासारखी कंटाळवाणी. म्हणूनच कुणी करत नाही.

धारेवर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दुमडून चढवा आणि चिकटपट्टीने घट्ट बांधा. डोळ्यांवर गॉगल. पुण्यातल्या बोहरी आळीसारख्या बाजारात तो चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळतो, तेव्हा सबब चालणार नाही. बेंच व्हाइसच्या जबड्यांना दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा, नाहीतर जबड्यांचे दात पात्यावर उमटतील आणि पुढे तिथूनच तडा जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, व्हाइसमध्ये धरायचं ते पातं, मूठ नव्हे. मूठ धरून टोकावर जोर दिला तर सगळा भार रिव्हेटवर येतो. टोक सरळ होण्याआधी सांधा खिळखिळा होतो. शिवाय अशा बऱ्याच घडीच्या चाकूंना कुलूप नसतं, नुसती पाठीची स्प्रिंग असते. जोर चुकीच्या बाजूला गेला की पातं तुमच्या बोटांवर मिटतं.

जिथे बाक सुरू होतो तिथपर्यंत पातं जबड्यात धरा. शिसव किंवा बाभळीसारख्या टणक लाकडाच्या तुकड्याला करवतीने खाच पाडा, ती खाच वाकलेल्या भागावर चढवा आणि उलट्या दिशेला सावकाश दाबा. सोडा. बघा. पातं बरंचसं परत आलेलं दिसेल. हा त्याचा हट्ट नाही, पोलादाचा गुण आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत ते वाकतं आणि सोडल्यावर मूळ जागी येतं. ती मर्यादा ओलांडली तरच आकार बदलतो. म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावं लागतं. किंचित. पुन्हा दाबा, सोडा, ट्यूबलाइटखाली रेघ बघा.

इथे धसमुसळ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. एका दिशेला वाकून गेलेला धातू उलट्या दिशेला आधीपेक्षा कमी जोरात नमतो. जर्मन अभियंते योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिलं आणि त्या गुणाला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे वाकवताना जेवढा जोर लागला तेवढा सरळ करताना लागणार नाही. जो माणूस 'घट्ट आहे, जोरात हाण' म्हणतो तो पहिल्याच फटक्यात पातं पलीकडे घालवतो. मग पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. प्रत्येक हेलपाट्यात धातू त्या जागी अधिक कडक आणि अधिक थकलेला होतो. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन बघा. तांब्याचं मऊ भांडं नुसत्या मठाराच्या ठोक्यांनी टणक होतं. तिथे ते हवं असतं, आणि फार टणक झालं तर तांबट ते तापवून पुन्हा मऊ करू शकतो. तुमच्या पात्याला ती मुभा नाही. म्हणून वाकवावाकवीचा हिशेब ठेवा. एकदाच, थोडं थोडं, एकाच दिशेने.

टोक फारच बारीक असेल तर खाचेचा तुकडाही नको. टोक दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवून व्हाइस हळूहळू आवळा, थोडा वेळ तसंच राहू द्या, सोडा, बघा. हातोडीला घरात जागा आहे ती भिंतीतल्या खिळ्यापुरती. कठीण पोलादावर कठीण हातोडीचा घाव पडला की दोघांपैकी कुणाचाही टवका उडू शकतो. काही निष्णात कारागीर बाकाच्या खोलगट बाजूवर अतिकठीण टोकाच्या हातोडीने बारीक बारीक टिचक्या मारून तो पृष्ठभाग ताणतात आणि पातं सरळ आणतात. ती त्यांची आयुष्याची कमाई आहे, तुमची रविवारची करमणूक नव्हे.

'म्हणजे ऊब द्यायचीच नाही?' द्या ना! उकळतं पाणी द्या. ते १०० अंशांवर थांबतं आणि पात्याला कारखान्यात १६० अंश सोसावे लागले आहेत. त्यामुळे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढलेल्या पात्याचं काहीही जात नाही. थंडीच्या दिवसांत तर गारठलेल्या पात्यापेक्षा असं कोमट पातं बरं. पुसा, काम करा, संपल्यावर सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडा. मूठ पाण्याबाहेरच ठेवा. ज्यांना विस्तवाशिवाय काम केल्यासारखंच वाटत नाही, त्यांनी पाणी उकळण्यापुरता गॅस पेटवावा आणि समाधान मानावं.

सरळ झालं म्हणून संपलं नाही. तडा बघायचा. रेल्वेच्या कारखान्यांत फार जुनी रीत होती: धातूवर पातळ तेल लावायचं, ते तड्यात मुरू द्यायचं, वरून कोरडं पुसायचं आणि खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आतलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. रॉकेल आणि शाळेतला खडू, दोन्ही वस्तू आपल्या आज्यांच्या घरात होत्या. आज रॉकेल नाही, पातळ मशीन तेल आहे. एवढी चाचणी न करता पातं कामाला लावणं म्हणजे तडकलेल्या शिडीवर चढणं.

रेघ उमटली तर? टोकाचा मोह सोडा. तडकलेला भाग दगडावर घासून काढा आणि नवं टोक करा. ते करताना धारेकडून नव्हे, पाठीकडून घासा. धार शाबूत राहते, आणि चाकू मिटल्यावर टोक मुठीच्या आत खोल जातं. धारेकडून घासलं तर टोक वर येतं आणि मिटलेल्या चाकूतून बाहेर डोकावून खिसा फाडतं, मांडीही. कानस इथे फारशी चालणार नाही, पातं तिच्या जवळपास कठीण आहे. हिऱ्याची पाटी किंवा खरखरीत दगड घ्या आणि घासताना पाण्यात बुडवत राहा. कोरड्या, सुसाट चाकावर ठिणग्या उडवत घासलेली कडा निळी पडते, आणि निळी कडा म्हणजे शेगडीवरचीच कहाणी, फक्त छोटी. दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला पाणी शिंपडत काम करायला सांगा आणि घाई करू नका. तो घाई करतो, कारण तुम्ही गॅलरीतून 'झालं का?' म्हणून ओरडता.

तीन वेळा हात थांबवायचा. पातं रिव्हेटला लागूनच वाकलं असेल तेव्हा. रेघ खटकन तुटत असेल, म्हणजे पातं मुडपलं असेल तेव्हा. आणि आधी कुणा सर्वज्ञाने ते तापवलेलं असेल तेव्हा. तिसऱ्या प्रकारातलं पातं सरळही होतं, लवकर होतं, कारण ते आता मऊ आहे. ते पाकिटं फोडायला वापरा. त्याची धार टिकवण्याच्या नादी लागू नका.

यावर ठरलेला आक्षेप येतोच: 'एका चाकूसाठी एवढा उपद्व्याप?' बरं, उपद्व्याप मोजू. लग्नपत्रिकेचा तुकडा, चिकटपट्टी, लाकडाचा ठोकळा, उधार आणलेला व्हाइस, तेलाचा थेंब, खडू. एक संध्याकाळ. यातलं काहीच महाग नाही. महाग आहे ते दाबल्यावर सोडणं आणि सोडल्यावर बघणं. तेवढं परवडत नाही म्हणून आपण शेगडी पेटवतो आणि त्याला देशी जुगाड असं गोंडस नाव देतो. लोहाराचा अपमान करायला याहून सोपी रीत नाही. त्याच्या कामातला सोपा अर्धा भाग उचलायचा, अवघड अर्धा सोडायचा, वर त्याचीच साक्ष काढायची.

माझी मागणी दोघांकडे आहे. चाकू विकणाऱ्यांनी खोक्यात सतरा भाषांतली जाहिरातीची घडी कोंबण्याऐवजी तीन ओळी मराठीत छापाव्यात: पातं कोणत्या पोलादाचं, ते किती अंशांच्या वर तापवू नये आणि उचकटायला कोणतं हत्यार दिलंय. आणि घरोघरच्या नानांनी आपलं ज्ञान स्वतःच्या चाकूपुरतं ठेवावं. ज्यांना तरीही राहवत नाही त्यांनी वाकलेलं पातं तापवण्याआधी शेजारचं चांगलं पातं तापवून त्याने एक टोमॅटो कापून दाखवावा. सालीसकट, न चेंदता. कापला गेला तर मी हा लेख मागे घेईन.